टेकू

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत की, त्यांना सभेत कोणी मान देत नाही. परंतु ते नसते तर घरातील एकही वस्तू जागच्या जागी उभी राहिली नसती. ‘टेकू’ हा त्यांपैकी एक. अमक्याला टेकू लागतो असे म्हटले की त्यात थोडा उपहास असतो, आणि एखादे सरकार टेकूवर उभे आहे असे वर्तमानपत्राने छापले की त्याचे दिवस भरले असे आपण धरून चालतो. वास्तविक टेकू ही दुर्बलतेची खूण नव्हे. केळीला घड धरला म्हणजे तिला टेकू द्यावा लागतो. आंब्याची फांदी फळांनी लवली म्हणजे तिच्याखाली बेळके उभे करावे लागते. वांझ झाडाला कोणी टेकू देत नाही. जेथे भार आहे तेथेच टेकूचा प्रश्न निघतो, आणि तो भार मोलाचा आहे म्हणूनच निघतो.

हे चिंतन आम्हांस एखाद्या ग्रंथामुळे सुचले असते तर ते अधिक शोभले असते. प्रत्यक्षात ते सुचले एका ट्रकच्या गिअरबॉक्समुळे.

आमचे घर फोंडा महालातले. घरासमोर माड, माडांपलीकडे मांगर, आणि मांगराच्या सावलीत ट्रक. गोव्याच्या या भागात घरापुढे ट्रक असणे ही नवलाची गोष्ट नाही. खनिजाच्या भरभराटीच्या काळात ज्याने त्याने कर्ज काढून गाडी घेतली. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्यंतरी चालू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा त्या गाड्या अंगणाअंगणांत उभ्या राहिल्या. कित्येकांनी त्या विकल्या. आमच्या काकांनी विकली नाही. लोहखनिज नेणारी गाडी चिरे, वाळू, कौले नेऊ लागली. आणि वर्षातून एकदा, माघ महिन्यात, ती गावच्या देवळाची गाडी होऊ लागली. जत्रेच्या मांडवाचे खांब, महाप्रसादाची तांब्या-पितळेची भांडी, तांदूळ, नारळ, जळण, हे सर्व तिच्यातून जावयाचे. भाडे घ्यावयाचे नाही, हा काकांचा नियम. पूर्वी हेच काम आमच्या घराण्याकडे बैलगाडीने होते. त्यामुळे या नियमाला आमच्या घरी कुळाचाराची प्रतिष्ठा आली आहे.

टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेन्झ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपुरास ट्रक बांधावयास आरंभ केला. १९६९ साली ते सहकार्य संपले आणि पुढे गाडीवर एकट्या टाटांची मुद्रा राहिली. आमची गाडी फार पुढच्या काळातली. परंतु त्या जुन्या घराण्याचा एक गुण तिच्यातही उतरला आहे. झाडाखाली बसून, साध्या पान्यांनी उघडता यावी अशी ती आहे. पुढे लांब नाक, त्यामागे बसावयाची खोली, आणि त्या खोलीच्या पायतळीचा पत्रा चार बोल्ट काढताच उचलता येतो. त्या पत्र्याखाली गिअरबॉक्स असतो.

जत्रेला सात दिवस उरले असता त्या गाडीचा क्लच गेला. क्लच म्हणजे काय हे ज्यांना गाडीशी कर्तव्य नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिन अखंड फिरत असते; चाके मात्र कधी फिरावयाची, कधी थांबावयाची. या दोहोंच्या मध्ये एक पातळ तबकडी असते, तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर लावलेले असते. तबकडी इंजिनाच्या जड चाकावर दाबली गेली की शक्ती पुढे जाते. पायाने कळ दाबली की तबकडी सुटते आणि दोघे वेगळे होतात. घाट, चढ आणि भार यांनी ते अस्तर झिजत जाते. आमच्या गाडीचे इतके झिजले की इंजिन गर्जत होते आणि चाके स्वस्थ होती. पुष्कळ संस्थांची हीच स्थिती असते. पण तो विषय निराळा.

तबकडी स्वतः हलकी. एका हातात धरता येते. परंतु ती बसते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यात. ती बदलावयाची तर सगळा गिअरबॉक्स मागे सरकवून खाली उतरवावा लागतो. तो बिडाचा आणि पोलादाचा. दोन धडधाकट माणसांच्या वजनाइतका जड. आणि धरावयास त्याला कोठे कडी नाही की कान नाही. शिवाय त्याच्या तोंडातून एक दातेरी दांडा निघून तबकडीच्या छिद्रातून आरपार इंजिनात गेलेला असतो. बोल्ट सुटल्यावर पेटीचा भार क्षणभर जरी त्या दांड्यावर लोंबला, तरी तबकडीची नाभी वाकते. म्हणजे ही वस्तू नुसती खाली पाडून चालत नाही. ती सरळ रेषेत, आपल्या उंचीवर, वीतभर मागे घ्यावी लागते आणि मग उतरवावी लागते. देवाची मूर्ती पालखीतून काढताना पुजारी जसे हात लावतात, तसेच हे काम.

मोठ्या कारखान्यात यासाठी निराळा जॅक असतो. त्याला चाके असतात, पेटीच्या पोटाला बसेल अशी बैठक असते, आणि ती बैठक पुढे-मागे कलती करता येते. फोंड्यास ज्यांच्याकडे अशी सोय होती त्यांच्या दारी गाड्यांची रांग होती. शिवाय आमची गाडी आपल्या पायांनी तेथवर जाण्यासारखी राहिली नव्हती. तिला ओढून न्यावयाचे, तर वाटेत चढ. तेव्हा घरच्या घरी काय करता येईल याचा विचार सोप्यावर बसून सुरू झाला. आमच्याजवळ होता तो ट्रकबरोबर मिळालेला दहा टनी हायड्रॉलिक जॅक, बाटलीच्या आकाराचा. दहा टनांच्या मानाने गिअरबॉक्स तो काय, असे धाकट्या भावाचे मत पडले.

या ठिकाणी आमच्या मेस्तांचा प्रवेश होतो. मेस्त म्हणजे सुतार. देवळाच्या रथाची डागडुजी पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या घराकडे आहे असे. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांना मुद्दाम बोलावले नव्हते. ते मांडवाच्या वाशांची चौकशी करावयास आले होते. आमची चर्चा त्यांनी पानाला चुना लावीत ऐकून घेतली आणि कोंकणीत एवढेच म्हणाले, “पयलीं दवरपाची सुवात पळय, मागीर उखल.” आधी ठेवावयाची जागा पाहा, मग उचला.

वाक्य साधे आहे. पण त्या दिवसापासून ते आमच्या मनातून गेले नाही. उचलण्याचा उत्साह सर्वांस असतो. ठेवावयाचे कोठे, याचा विचार उचलल्यानंतर सुचतो, आणि तेव्हा हात भरलेले असतात. आपल्या या अंत्रुज महालाचा इतिहासच पाहा ना. सोळाव्या शतकात साष्टीतील देवळांवर संकट आले तेव्हा १५६० साली मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून जुवारी नदीपलीकडे प्रियोळास आणले गेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. आज आपण त्या देवळांचे दीपस्तंभ आणि तळ्या पाहून धन्य होतो. परंतु ज्यांनी देव उचलले त्यांच्या मनात त्या रात्री कोणता प्रश्न असेल? उचलण्याचे धैर्य तर त्यांच्याजवळ होतेच. पण नदीपलीकडे टेकविण्यास जागा आहे, तेथे माणसे आपली आहेत, डोक्यावर निदान झावळ्यांचे छप्पर आहे, हे कोणी तरी आधी पाहून ठेवले असलेच पाहिजे. इतिहास उचलणाऱ्यांची आठवण ठेवतो. जागा पाहून आलेल्याची ठेवीत नाही.

मेस्तांनी मग आमच्या जॅककडे पाहिले. त्याचे सामर्थ्य त्यांनी नाकारले नाही. ते सामर्थ्य मोठे नवलाचे आहे यात शंका नाही. बंद तेलावर एका जागी दाब दिला तर तो सर्वत्र सारखा पसरतो, हे सतराव्या शतकात फ्रान्समधील पास्कालने दाखविले. आणि त्या तत्त्वावर इंग्लंडातील जोसेफ ब्रामा याने १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले. आपल्या जॅकमध्ये एक बारीक दट्ट्या असतो आणि एक जाड. समजा, बारकाचा व्यास १ सेंटिमीटर आणि जाडाचा ४. तर क्षेत्रफळ १६ पट, म्हणून जोर १६ पट. त्यात दांड्याची तरफ १५ पटींची धरली तर एकूण २४० पट. हाताने २० किलोंचा जोर लावला तर घर्षण वजा जाता पावणेपाच टनांच्या घरातला भार हलावयास हरकत नाही. मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. भार १ सेंटिमीटर वर चढावयाचा तर हाताला २४० सेंटिमीटरांची मजुरी करावी लागते. बळ वाढते तितकी वाट लांबते. घाईच्या माणसासाठी हे यंत्र केलेलेच नाही.

परंतु उचलण्याचे बळ निराळे आणि धरून ठेवण्याचे बळ निराळे. बाटली जॅकचा माथा रुपयाच्या नाण्यांची चवड ठेवावी इतकाच. त्यावर गोलसर पोटाची पेटी ठेवणे म्हणजे करंगळीवर घागर ठेवणे. तो उभाच काम करतो. आडवा पडला की तेलाऐवजी हवा ओढू लागतो. त्याला मागे-पुढे सरकता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचा सगळा भार एका रबरी कड्याच्या आणि एका लहानशा झडपेच्या भरवशावर असतो. ते कडे फाटले किंवा झडप सैल झाली तर दहा टनांची शक्ती क्षणात शून्य टनांची होते. म्हणून जॅकने उचलावे. भार मात्र जॅकवर ठेवू नये. तो टेकूवर ठेवावा.

हे आम्हांस पुस्तकातून नव्हे, शेजारातून ठाऊक होते. आमच्या वाड्यावरच्या एका मिस्त्रीचा प्राण असाच गेला होता. खनिजाचे दिवस होते, गाड्या रात्रंदिवस चालत होत्या. एका गॅरेजात त्यांनी ट्रकचे चाक काढून कण्याखाली चिरे रचले आणि ते खाली शिरले. चिरा हा आपला घर बांधावयाचा दगड. भिंतीत चहूबाजूंनी आवळला गेला की शंभर शंभर वर्षे भार वाहतो. पण एकट्या चिऱ्यावर एका ठिकाणी पोलादाचा भार पडला की तो तडकतो, आणि तडकण्यापूर्वी सांगत नाही. लाकूड आधी करकरते, दबते, सूचना देते. दगड देत नाही. त्या गृहस्थांच्या मागे पत्नी आणि एक लहान मुलगा राहिला.

तो मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत यंत्रांचेच शिक्षण त्याने घेतले, आणि वाड्यावर गाड्यांचे काम त्याच्याइतके सफाईने कोणी करीत नाही. आमचा गिअरबॉक्स उतरविण्यास तो हवा होता, आणि यावयास तो उत्सुकही होता. त्याच्या आईचा मात्र स्पष्ट नकार होता. त्याने गाड्या दुरुस्त कराव्यात, इंजिने उघडावीत. पण गाडीखाली जावयाचे नाही, हा तिचा दंडक. आम्हां कोणासही तो मोडण्याचा अधिकार नव्हता. काकांनी त्या मुलास सरळ सांगितले, “आई हो म्हणेल तर ये. नाही म्हणाली तर जत्रेचे सामान आपण डोक्यावरून नेऊ.”

मेस्तांनी दोन दिवसांत पाळणा केला. त्याची रचना सांगण्यासारखी आहे. खाली मत्तीच्या जाड फळीचा एक पाट, चार फूट लांब, दोन फूट रुंद. पाटाच्या मध्ये जॅकच्या बुडाला नेमकी बसेल अशी खोबण, म्हणजे जॅक सरकावयाचा नाही. जॅकच्या माथ्यावर फणसाच्या लाकडाची बैठक. तिला पेटीच्या पोटाचा बाक कोरून दिलेला, दोन्ही बाजूंना कुशी दिलेल्या. हा बाक काढण्यासाठी मेस्तांनी गाडीखाली पुठ्ठा धरून पेटीचा आकार आधी उतरवून घेतला होता. बैठक दोन थरांची. मध्ये चार कोपऱ्यांना चार आट्यांचे लांब बोल्ट, ते पिळले की बैठक हवी तिकडे कलते. पाटाखाली चार लोखंडी नळ्या, आणि नळ्यांखाली जमिनीवर सरळ अंथरलेल्या दोन लोखंडी पन्हळी. म्हणजे सगळा पाट लाटण्यावर पोळी सरकावी तसा मागे-पुढे सरकावा. आणि शेवटी, जॅकच्या दोन्ही अंगांना पाटावरच रचलेल्या लाकडी ठोकळ्यांच्या दोन चळती. या चळतींची उंची बैठकीपेक्षा एक बोटच कमी ठेवावयाची. जॅक वर चढेल तसा वर एक पातळ ठोकळा चढवावयाचा. खाली उतरेल तसा एक काढावयाचा. जॅकने दगा दिलाच तर भार एक बोट खाली येऊन थांबावा.

वरून आणखी एक सोय केली. खोलीच्या पायतळीचा पत्रा काढला, दोन्ही दारांतून आरपार एक मजबूत वासा घातला, त्याची टोके बाहेर टेकूंवर ठेवली, आणि त्या वाशाला साखळीची कप्पी टांगून तिची साखळी पेटीला वेढली. मेस्त म्हणाले, वरची साखळी लोंबती राहू दे. तिला काम नाही, पहारा आहे.

गाडी तर आम्ही उचललीच नाही. ती आपल्या चाकांवर, सपाट जमिनीवर उभी होती. चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी मारल्या होत्या, आणि बॅटरीची तार सोडून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाची आई स्वतः आली. काकांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले होते, आणि तिलाही म्हणाले, “वहिनी, हवा तर देवाचा कौल घ्या.” ती म्हणाली, “देवाचा कौल मागाहून घेईन, भावोजी. आधी तुमचा जॅक दाखवा. तो सुटला तर काय होईल, ते मला पाहावयाचे आहे.”

हा प्रश्न कोणत्याही परीक्षकाने विचारावा असा होता. त्याला शब्दांनी उत्तर देण्यात अर्थ नव्हता. महाप्रसादासाठी आणलेला तांदूळ मांगरात होता. त्यातली ५० किलोंची चार पोती, म्हणजे २०० किलो, गिअरबॉक्सपेक्षा पुष्कळ अधिक भार, आम्ही उघड्या अंगणात त्या पाळण्यावर चढविला. जॅक हळूहळू वर घेतला, ठोकळे रचले. मग सर्वांस दूर उभे केले. मेस्तांनी लांब काठीला बांधलेल्या पान्याने जॅकची झडप एका झटक्यात पूर्ण सोडली.

पोती एक बोट खाली आली. ठक् असा लाकडाचा आवाज झाला. आणि ती तशीच राहिली.

बाई पुढे आली. पाळण्याला तिने हाताने हलवून पाहिले, मग खांदा लावून ढकलून पाहिले. खाली वाकून ठोकळे एकेक मोजले. “पुन्हा सोडा,” म्हणाली. आम्ही पुन्हा सोडला. तिसऱ्यांदाही सोडला. नंतर ती सोप्याच्या पायरीवर जाऊन बसली. मुलाकडे न पाहता म्हणाली, “पेटीच्या खाली छाती आणावयाची नाही. बाजूने हात घालावयाचा.” एवढे बोलून तिने पदर खोचला आणि संध्याकाळपर्यंत ती त्या पायरीवरून उठली नाही. तिने डोळे मिटले असतील असे आम्हांस वाटत नाही.

पुढील काम हे शिस्तीचे काम होते. पेटीतील तेल काढले. मागचा लांब फिरता दांडा सोडण्यापूर्वी त्याच्या जोडावर छिन्नीने खूण केली, कारण तो होता त्याच स्थितीत परत बसला नाही तर गाडी थरथरू लागते. गिअरचा दांडा, वेगमापकाची तार, क्लचची जोडणी, एकेक सुटत गेली, आणि प्रत्येकाचे नटबोल्ट निरनिराळ्या करवंट्यांत पडत गेले. इंजिनाच्या मागच्या बुडाला निराळा टेकू दिला. कारण पेटी निघाली की तेही झुकू पाहते. मग पाळणा खाली आला, बैठक पेटीच्या पोटाला भिडली, पट्ट्याने पेटी बैठकीशी आवळली गेली, आणि चार बोल्ट पिळून तिचा कल जुळविला.

पेटीचे सगळे बोल्ट एकदम काढावयाचे नाहीत, हे त्या मुलाने सांगितले. समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्या जागी बिनडोक्याच्या लांब सळ्या आट्यांनी बसवावयाच्या; मग बाकीचे काढावयाचे. म्हणजे पेटी त्या दोन सळ्यांवरून रुळांवरून सरकावी तशी सरळ मागे येते आणि तबकडीवर भार पडत नाही. शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा अंगणात कोणी बोलत नव्हते. मुलगा गाडीच्या बाजूला आडवा होता, त्याचे फक्त हात आत होते. पाट नळ्यांवरून तीन बोटे सरकला, मग वीतभर. दातेरी दांडा तबकडीतून निसटला, आणि पेटी पाळण्यावर स्वस्थ बसली. झडप पाव फेरा उघडून ती दोन टप्प्यांत खाली आली. दर थांब्यास ठोकळे एकेक कमी होत गेले. बाहेर ओढली तेव्हा काकांनी तिला नमस्कार केला. कोणी हसले नाही.

आतल्या अस्तराची भुकटी फुंकर मारून उडवावयाची नाही, ओल्या फडक्याने टिपून घ्यावयाची. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की कर्करोगापर्यंत मजल जाते. मुलाने तोंडाला ओले कापड बांधले होते. नवी तबकडी नेमकी मध्यावर बसवावी लागते, नाही तर पेटीचा दांडा परत आत शिरत नाही. त्यासाठी मेस्तांनी आपल्या कातावर लाकडाचा एक पायरीदार दांडा करून ठेवला होता. त्याचे बारीक टोक इंजिनाच्या बेअरिंगात आणि जाड अंग तबकडीच्या नाभीत बसे. दाबपट्टीचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळून झाल्यावर तो लाकडी दांडा बाहेर ओढला. पाळण्याच्या कैक कठड्यांचे खांब ज्या कातावर झाले, त्यावरच हा एक खांब झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेटी आल्या वाटेने परत गेली. क्लच दाबला, गिअर पडला, आणि गाडी अंगणातून हलली. तांदळाची ती चार पोती पहिल्या खेपेत गेली.

अशा कामाला लोक ‘जुगाड’ म्हणतात, आणि त्या शब्दात हल्ली कौतुक असते. आम्हांस तो शब्द येथे लावावासा वाटत नाही. साधन नाही म्हणून नियम सोडला तर ते जुगाड. साधन नाही, पण नियम पुरता सांभाळून हाताशी असलेल्या लाकडातून साधन उभे केले, तर त्याला कसब म्हणावे. मोठ्या कारखान्यातला जॅक ज्या तीन गोष्टी करतो त्या तिन्ही आमच्या पाळण्याने केल्या. आणि चौथी, म्हणजे सुटल्यावर न पडणे, तीही केली. ती केली नसती तर पहिल्या तिहींना काही किंमत नव्हती. ज्याच्याजवळ पुरेसे लाकूड, सपाट जमीन आणि दोन दिवसांचा धीर नाही, त्याने या वाटेस जाऊ नये. त्याने गाडी ओढून न्यावी आणि रांगेत उभी करावी. त्यात कमीपणा नाही.

जत्रेच्या रात्री रथ निघतो तेव्हा सर्वांचे डोळे वर असतात. देव वर, दिवे वर, फुले वर. दोर ओढणाऱ्यांचाही घोष मोठा असतो. चाकांच्या लगत चार माणसे वाकून चालत असतात, त्यांच्या हातांत लाकडी पाचरी असतात. रथ भलतीकडे वळू लागला की चाकाखाली पाचर. उतारावर धावू लागला की पाचर. थांबवावयाचा झाला की पाचर. त्यांना त्या रात्री देवाचे दर्शन घडत नाही, कारण त्यांना वर पाहण्याची मुभा नसते. आमचे मेस्त तारुण्यात त्या चौघांत असत. भार आणि त्याची ठेवण यांचे ज्ञान त्यांनी कोठे मिळविले, हे आम्हांस उमगले ते असे.

पाळणा आता मांगराच्या आढ्याला टांगलेला असतो. गावातले ट्रकवाले तो मागून नेतात, आणि आम्ही देतो. अट एकच: ठोकळ्यांच्या दोन्ही चळती बरोबर न्यावयाच्या आणि मोजून परत आणावयाच्या. काहींना हा आमचा चिक्कूपणा वाटतो. लाकडाचे चार तुकडे ते काय, असे ते म्हणतात. ठोकळे मोजून देण्याचे काम काकांनी त्या मुलाच्या आईकडे सोपविले आहे. ती प्रत्येकाला नग मोजून देते, आणि पाळणा न्यावयास आलेला माणूस नवखा असला तर त्याला आधी विचारते की, बाबा, ठेवणार कोठे ते पाहिले आहेस ना?